परिपत्रक दंडापर्यंत कसं पोचतं

१ जानेवारी २०२३ पासून देशाच्या लसीकरण वेळापत्रकात एक ओळ वाढली. बाळ नऊ महिन्यांचं झालं की गोवर-रुबेलाच्या पहिल्या मात्रेबरोबर इंजेक्शनच्या पोलिओ लशीची तिसरी छोटी मात्रा द्यायची. प्रमाण ०.१ मिली, जागा डावा दंड, आणि सुई कातडीच्या आतल्या थरापर्यंतच. दिल्लीत ठरलं ते एवढंच. ही ओळ शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईच्या किंवा दौंड तालुक्यातल्या रावणगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राखाली, एखाद्या उपकेंद्रावरच्या आरोग्य सेविकेच्या हातात उतरायला काय काय घडावं लागतं, ते इथे टप्प्याटप्प्याने पाहू. धोरणाच्या बातमीत हा भाग येत नाही. पण धोरण कामाला आलं की वाया गेलं, हे इथेच ठरतं असं मला वाटतं.

आधी कारण समजून घेऊ, कारण प्रशिक्षणात सगळ्यात आधी गळते ती ‘का’ची बाजू. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार. त्यातला दुसऱ्या प्रकाराचा नैसर्गिक विषाणू जगातून संपल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. तोंडावाटे द्यायच्या थेंबांमध्ये मात्र त्याचं दुबळं केलेलं जिवंत रूप होतंच, आणि जिथे लसीकरण कमी असतं तिथे ते फिरत राहून क्वचित बदलतं व पुन्हा लुळेपणा आणू शकतं. म्हणून २५ एप्रिल २०१६ रोजी भारताने थेंबांमधून दुसरा प्रकार काढून टाकला. त्यानंतर जन्मलेल्या बाळांना दुसऱ्या प्रकारापासून संरक्षण मिळतं ते इंजेक्शनमधूनच. त्याच सुमारास जगभर या इंजेक्शनची मागणी वाढली आणि पुरवठा अपुरा पडला. अर्ध्या मिलीची पूर्ण मात्रा स्नायूत देण्याऐवजी तिचा पाचवा हिस्सा कातडीच्या आत दिला आणि तो दोनदा दिला, तर संरक्षण चांगलं मिळतं, असं अभ्यासांत दिसलं होतं. भारताने २०१६ मध्ये काही राज्यांत ही पद्धत सुरू केली, त्यांत महाराष्ट्र होता. सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला दोन मात्रा, उजव्या दंडावर. तिसरी आली ती २०२३ मध्ये. आदल्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यात लस न घेतलेल्या एका तरुणाला दुसऱ्या प्रकाराच्या, लशीतून उद्भवलेल्या विषाणूने लुळेपण आलं होतं आणि लंडनच्या सांडपाण्यातही तो सापडला होता. भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. तरीही धोका दूरच्या देशातून विमानाने येऊ शकतो, हे सेविकेला कळलं तर नव्या टोचणीकडे ती आणखी एक काम म्हणून पाहणार नाही.

आता कागद. केंद्रीय मंत्रालयाकडून राज्याला पत्र जातं आणि त्यासोबत मार्गदर्शक सूचनांची पुस्तिका. वैद्यकीय बदल बहुधा याच वाटेने येतो. पैसे, पदं किंवा मानधन यांचा प्रश्न असला की मंत्रालयातून शासन निर्णय निघावा लागतो. आशांच्या मोबदल्यात राज्याने दरमहा ५,००० रुपयांची वाढ केली, ती मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने. परिपत्रक म्हणजे वरच्या कार्यालयाने खालच्या कार्यालयांना दिलेली कामाची सूचना. गावातल्या माणसाला हे तिन्ही कागद सारखेच वाटतात. पण एखादी गोष्ट का अडली हे शोधायचं असेल तर ती कुठल्या कागदावर उभी आहे हे आधी विचारावं. सूचना पोचली पण निधीचा आदेश निघाला नाही, असं झालं की काम लोंबकळतं, आणि उपकेंद्रावरच्या बाईला दोष दिला जातो.

महाराष्ट्रात लसीकरणाचा राज्याचा कारभार मुंबईतून चालत नाही, तो पुण्यातून, राज्य कुटुंब कल्याण कार्यालयातून चालतो. लशींचं राज्याचं भांडारही पुण्यातच. म्हणजे शिरूर-दौंडसाठी राज्याचं केंद्र एका एसटीच्या अंतरावर आहे. पण कागदाची वाट त्या एसटीसारखी सरळ नाही. पुण्यापासून पुढे ती दुभंगते.

एक फाटा जिल्हा परिषदेकडे जातो. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यापासून ग्रामीण भागातली प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं त्यांच्याकडे आहेत. जिल्हा आरोग्य अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, आरोग्य सहायिका, उपकेंद्राची आरोग्य सेविका आणि समुदाय आरोग्य अधिकारी, शेवटी गटप्रवर्तक आणि आशाताई. दुसरा फाटा औंधच्या जिल्हा रुग्णालयात बसणाऱ्या जिल्हा शल्य चिकित्सकांकडे जातो. न्हावऱ्याचं आणि यवतचं ग्रामीण रुग्णालय, दौंडचं उपजिल्हा रुग्णालय ही त्यांच्या अखत्यारीत. केंद्र सरकारच्या कागदांत ज्याला सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणतात ते आपल्याकडचं तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय. त्यामुळे ‘सामुदायिक आरोग्य केंद्रांसाठी नवीन सूचना’ असं दिल्लीहून आलं की ते एका फाट्यावरून जातं, आणि उपकेंद्रांसाठीच्या सूचना दुसऱ्या. बाळंतपण यवतला झालं, पहिली लस तिथे टोचली आणि पुढच्या लशी गावच्या सत्रात, अशा एकाच बाळाचा संबंध दोन्हींशी येतो. दोन्हीकडच्या माणसांना एकाच आठवड्यात एकच गोष्ट शिकवली गेली तर बरं. तसं घडवण्याची जबाबदारी कुणा एकाच्या टेबलावर नसते, ही या रचनेतली जुनी अडचण आहे.

प्रशिक्षण याच वाटेने खाली उतरतं. राज्यपातळीवर जिल्ह्याचे प्रशिक्षक तयार होतात, ते जिल्ह्यात वैद्यकीय अधिकारी आणि आरोग्य सहायिकांना शिकवतात, तालुक्याला सेविकांचं सत्र होतं आणि आशांना ते केंद्राच्या मासिक बैठकीत सांगितलं जातं. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी दौंडच्या टेलच्या शेतकऱ्यापर्यंत किती पोचतं, हे इथल्या लोकांना सांगायला नको. प्रशिक्षणाचंही तसंच होतं. वर दोन दिवस चाललेला विषय तालुक्याला अर्ध्या दिवसाचा होतो आणि आशांच्या बैठकीत पंधरा-वीस मिनिटांचा, तेही मोबदल्याच्या तक्रारी आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या घाईच्या मध्ये. माहिती तेवढ्यातही सांगता येते. प्रात्यक्षिकाला मात्र वेळ उरत नाही.

आणि हा बदल तर हाताचाच होता. कातडीच्या आत इंजेक्शन देणं हे स्नायूत देण्यापेक्षा अवघड. सुई जवळपास आडवी, दहा-पंधरा अंशांत धरायची, टोक वरच्या थरातच ठेवायचं, औषध गेल्यावर त्वचेवर बारीक पांढुरका फुगवटा दिसला पाहिजे. फुगवटा आला नाही तर औषध खोल गेलं. बीसीजी अशीच देतात, त्यामुळे सेविकेला तंत्र नवं नाही. पण बीसीजी बहुतेक बाळांना जन्माच्या रुग्णालयातच मिळते, म्हणजे गावात काम करणाऱ्या सेविकेचा त्यातला सराव सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या मात्रांवर टिकलेला. नऊ महिन्यांचं बाळ त्यापेक्षा कितीतरी ताकदवान. ते हात झटकतं, आईच्या मांडीवरून निसटू पाहतं. आईने बाळाला कसं धरायचं, हे दाखवून शिकवण्याची गोष्ट आहे, स्लाइडवर ती येत नाही.

मग त्या एका भेटीत बाळाला काय काय मिळतं ते पाहा. उजव्या दंडावर कातडीखाली गोवर-रुबेला. डाव्या दंडावर कातडीच्या आत पोलिओ. मांडीत न्यूमोकोकलचा बूस्टर. तोंडाने ‘अ’ जीवनसत्त्व, १ मिली. तीन सुया, तीन वेगळे थर, तीन वेगळ्या जागा. जागा ठरवून दिलेल्या असतात, कारण नंतर सूज आली तर ती कुठल्या लशीची हे कळलं पाहिजे. गोवर-रुबेलाची कुपी विरघळवल्यावर चार तासांत संपवायची किंवा टाकायची. पोलिओच्या इंजेक्शनची उघडलेली कुपी नियम पाळले तर अठ्ठावीस दिवस वापरता येते, पण ती गोठली की निकामी. एकाच लसवाहकात दोन वेगळ्या स्वभावाच्या कुप्या, आणि त्या सांभाळणारी बाई एकटी. शिवाय या मात्रेला ०.१ मिलीची सिरिंज लागते, इतर लशींची ०.५ मिलीची चालत नाही. मात्रा वाढली म्हणजे तालुक्याच्या मागणीपत्रकात या सिरिंजचा आकडाही वाढायला हवा. औषध निर्माण अधिकाऱ्याने तो वाढवला नाही तर प्रशिक्षण कितीही उत्तम झालेलं असो, सत्राच्या दिवशी लस आहे आणि सिरिंज नाही.

या सगळ्यानंतर सेविकेने आईशी बोलायचं असतं: आज कुठल्या लशी दिल्या, काय त्रास होऊ शकतो, पुढे कधी यायचं, कार्ड जपून ठेवा. अर्धा तास बसवायचं. ‘तीन-तीन सुया एकदम कशाला, ताई?’ हा प्रश्न आजी विचारणारच. त्याला उत्तर देता येणं हा प्रशिक्षणाचाच भाग मानायला हवा.

कागदाचा शेवटचा टप्पा म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड, आणि इथे मला धोरण आखणाऱ्यांकडून थोडी अधिक कल्पकता हवी होती असं वाटतं. जानेवारी २०२३ मध्ये नऊ महिन्यांची होणारी बाळं २०२२ च्या एप्रिलमध्ये जन्मलेली. त्यांच्या हातातली कार्डं जुन्या छपाईची, तिसऱ्या मात्रेचा चौकोन नसलेली. म्हणजे सुरुवातीच्या सगळ्या बाळांची नोंद कार्डाच्या कडेला हाताने लिहावी लागणार, हे ओघानेच आलं. हाताने लिहिलेली ओळ पुढच्या गावातल्या सेविकेला वाचता येईल, समजेल, याची खात्री नाही. नव्या ओळीची चिकटपट्टी छापून सत्रावर दिली असती तर अगदी थोड्या खर्चात हा घोळ टळला असता. पुढच्या बदलाच्या वेळी ते करता येईल.

‘पुढच्या गावातली सेविका’ हे शिरूर-दौंडमध्ये रोजचं वास्तव आहे. दिवाळीच्या आगेमागे बीड, पाथर्डी, चाळीसगावकडून ऊसतोड टोळ्या येतात. वीटभट्ट्यांवर बिऱ्हाडं पडतात. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभच्या कारखान्यांभोवती खोल्या करून राहणारी कुटुंबं बिहार-उत्तर प्रदेशापासून मराठवाड्यापर्यंतची. जूनमध्ये बीडच्या गावात जन्मलेलं बाळ मार्चमध्ये नऊ महिन्यांचं होतं, तेव्हा ते दौंडच्या फडावर असतं. जुलैच्या मध्यात जन्मलेलं एप्रिलमध्ये, म्हणजे टोळी परतीच्या वाटेवर असताना. गोवर-रुबेला आणि पोलिओची ही नऊ महिन्यांची भेट हुकण्याची शक्यता त्याच्याच बाबतीत सर्वांत जास्त. म्हणून इथल्या सेविकेला तंत्राइतकंच शिकवायला हवं ते सूक्ष्म नियोजन: कुठल्या शिवारात कोप्या पडल्या, मुकादम कोण, तोडणीची वेळ सांभाळून सत्र संध्याकाळी घेता येईल का, कार्ड हरवलं असेल तर दंडावरची बीसीजीची खूण पाहून आणि आईला विचारून कुठून सुरुवात करायची.

लोकसंख्येचा हिशेबही इथे अपुरा पडतो. मैदानी भागात उपकेंद्राला ५,०००, प्राथमिक आरोग्य केंद्राला ३०,००० आणि ग्रामीण रुग्णालयाला १,२०,००० लोकसंख्या, हा सर्वसाधारण निकष. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही, त्यामुळे शिक्रापूर-सणसवाडीच्या पट्ट्यात प्रत्यक्षात किती माणसं राहतात आणि मंजूर पदं कुठल्या आकड्यावर ठरलीत यांत मोठी फट पडली आहे. प्रशिक्षणाच्या खुर्च्या मंजूर पदांवर मोजल्या जातात.

सगळीच कौशल्यं अर्ध्या दिवसात शिकवण्यासारखी नसतात. कुशल प्रसूतीसाठी सेविकेचं प्रशिक्षण एकवीस दिवसांचं, तेही प्रसूती भरपूर होणाऱ्या रुग्णालयात राहून. ती तीन आठवडे औंधला गेली तर तिच्या उपकेंद्राचं काय? शेजारच्या सेविकेवर दोन गावांचा भार येतो. वैद्यकीय अधिकारी म्हणूनच तिला सोडायला कचरतात आणि तीच ती न गेलेली नावं यादीत वर्षानुवर्षं पुढे ढकलली जातात. प्रशिक्षणाचा निधी राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या वार्षिक आराखड्यातून येतो. तो खाली उशिरा पोचला की सत्रं जानेवारी ते मार्चमध्ये दाटतात, म्हणजे गळीत हंगाम भरात असताना, टोळ्यांमधली बाळं शोधायची गरज सर्वांत जास्त असताना. आशाताईला तर प्रशिक्षणाचा दिवस म्हणजे कामाच्या मोबदल्याचा बुडालेला दिवस ठरू शकतो. प्रवासभत्ता वेळेवर मिळणं हा तिच्यासाठी शिकण्याचाच प्रश्न आहे.

या पट्ट्यासाठी आणखी एक विषय मी प्रशिक्षणाच्या यादीत अगदी वर ठेवीन: सर्पदंश. ऊस, रात्रीचं पाणी देणं, कोप्यांमध्ये जमिनीवर झोपणं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट ठेवून. त्यातली एक महत्त्वाची तपासणी कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते. शिरेतलं सुमारे २ मिली रक्त कोरड्या, स्वच्छ, नव्या काचेच्या परीक्षानळीत घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग एकदा कलतं करून पाहायचं. रक्त गोठलं नसेल तर विषाचा परिणाम रक्तावर झाला आहे, प्रतिविष सुरू करायचं. घोणस आणि फुरसं यांच्या दंशात ही तपासणी निर्णायक ठरते. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर उत्तर चुकतं, आणि चुकीच्या उत्तरावर पुढचं सगळं चुकतं. नाग आणि मण्यार यांच्या विषात रक्त व्यवस्थित गोठूनही पापण्या मिटू लागतात, श्वास मंदावतो, म्हणून नळीवर विसंबून चालत नाही, रुग्णाच्या डोळ्यांकडे पाहत राहावं लागतं. प्रतिविषाच्या सहसा ८ ते १० कुप्या पहिल्या खेपेला लागतात, ॲड्रिनलिन भरून हाताशी ठेवावं लागतं, कारण प्रतिविषाचीच तीव्र ॲलर्जी येऊ शकते. नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरला ही भीती असते, आणि त्या भीतीपोटी रुग्ण पुण्याला पाठवला जातो. पहिली मात्रा इथेच देऊन मग पाठवला तर वाटेतला तास वाया जात नाही. एका अनुभवी डॉक्टरने समोर उभं राहून दोन रुग्ण हाताळून दाखवले तर ही भीती जाते.

आजकाल मोबाइलवरचं प्रशिक्षण वाढलं आहे. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, ‘आयगॉट’ या सरकारी व्यासपीठावरून देशभरातल्या कर्मचाऱ्यांना धडे दिले गेले. लसीकरणासाठी ‘राइज’ नावाचं ॲप आहे. त्याचा मोठा फायदा असा की दिल्लीचा मजकूर मधल्या पायऱ्यांवर न गळता थेट सेविकेच्या हातात येतो, आणि विसरलं की पुन्हा पाहता येतो. मात्र फुगवटा नीट आला का, हे तिच्या शेजारी उभं राहूनच सांगता येतं. हे काम आरोग्य सहायिकेचं. ती तपासणीला आली की रजिस्टर मागण्याआधी दोन बाळांचं लसीकरण शांतपणे पाहील, सुईचा कोन सुधारून देईल, तर ते तालुक्याच्या सत्राइतकंच मोलाचं प्रशिक्षण आहे. सर्वांत कमी खर्चाचं आणि सर्वांत कमी केलं जाणारं.

इथवर सगळं वरून खाली आलं. उलटी वाटही आहे, आणि ती शिरूर तालुक्यातूनच जाते. वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजींच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकात ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला आणि गावातल्याच माणसांना आरोग्य कार्यकर्ते म्हणून शिकवलं. कोयाजींना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून त्या परिसरातल्या बावीस गावांत जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची सलग नोंद ठेवली जाते. ‘रोटाव्हॅक’ ही भारतात तयार झालेली अतिसारावरची लस दिल्ली, वेल्लोर आणि वढू अशा तीन ठिकाणी मिळून ६,७९९ बाळांवर तपासली गेली. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, २०१६ पासून काही राज्यांत रोटाव्हायरसची लस सरकारी वेळापत्रकात आली आणि २०१९ मध्ये ती महाराष्ट्रात पोचली. शिरूरकडच्या बाळांनी आणि आयांनी दिलेला पुरावा देशाच्या धोरणात जाऊन पुन्हा गावच्या सत्रावर परतला. गडचिरोलीतही हेच घडलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं, आणि २०११ पासून देशभरच्या आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाच्या घरी जाऊ लागल्या. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही.

गावकऱ्यांना या वाटेवर औपचारिक जागा आहे. २००७ मध्ये लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा राज्यातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होता, आणि जनसुनवाईत लोकांनी औषधांपासून गैरहजर डॉक्टरांपर्यंतचे प्रश्न अधिकाऱ्यांसमोर मांडले. आज उपकेंद्राचं ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झालं आहे आणि तिथे जन आरोग्य समिती असते. सरपंच अध्यक्ष, समुदाय आरोग्य अधिकारी सदस्य-सचिव. या समितीच्या बैठकीत बहुधा रंगरंगोटी, पाण्याची टाकी, पंखे हे विषय येतात. तिथे सरपंचांनी आणखी चार गोष्टी विचाराव्यात. गेल्या वर्षभरात आपल्या सेविकेला आणि आशांना कुठलं प्रशिक्षण मिळालं, आणि त्यात हाताने काय करून घेतलं? त्या काळात गावचं काम कुणी पाहिलं? ०.१ मिलीच्या सिरिंजा आणि काचेच्या कोऱ्या परीक्षानळ्या आज कपाटात किती आहेत? आणि या हंगामात आपल्या शिवारातल्या कोप्यांवर नऊ महिन्यांची किती बाळं आहेत, त्यांच्यापैकी किती जणांच्या कार्डावर डाव्या दंडाची नोंद आहे? उत्तरं बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि त्याची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवावी. पुढच्या वर्षीच्या आराखड्यासाठी तालुक्याची मागणी तयार होते तेव्हा त्यांना नेमकी हीच माहिती लागते.